जनरेटर सुरू होतो. पण घर पेलतो का?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मुळातून मोडले आणि श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली भागातल्या कित्येक गावांत लाइट परत यायला आठवडे लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यालगत वर सरकलं आणि सिंधुदुर्ग, रत्नागिरी, गोव्यात पुन्हा तारा तुटल्या. लाइट नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे पाणी नाही आणि मोबाइल चार्ज होत नाही म्हणजे मुंबई-पुण्याच्या मुलाबाळांना ख्यालीखुशाली कळवायचीही सोय नाही. हे सोसलेल्या घरांपैकी ज्यांना परवडलं त्यांनी जनरेटर घेतला.

घेतलेला जनरेटर बहुतेक घरांत परसात किंवा जिन्याखाली उभा असतो. महिन्यातून एखाद्या वेळी कुणीतरी किल्ली फिरवतं, इंजिन धडधडतं, पाच मिनिटांनी ते बंद होतं आणि ‘चालू आहे’ म्हणून सगळे निश्चिंत होतात. या लेखात सांगायचं ते एवढंच, की या निश्चिंतीला आधार नाही. बैलाची ताकद गोठ्यात कळत नाही, जू मानेवर आल्यावर कळते. जनरेटरवर घराचा खराखुरा लोड टाकून, पुरेसा वेळ चालवून आणि आकडे टिपून घेतल्याशिवाय तो ऐन पावसात साथ देईल असं म्हणता येत नाही. ही चाचणी घरच्या घरी, एका सकाळी होते. कशी करायची ते पाहू. उदाहरणं ५ ते १५ केव्हीएच्या घरगुती डिझेल जनरेटरची आहेत. छोट्या पेट्रोल जनरेटरसाठी वेगळं काय, ते पुढे येईलच.

रिकामं चालवून काय कळत नाही

लोड नसताना इंजिन फक्त स्वतःला फिरवत असतं. डिझेल फिल्टर अर्धा तुंबलेला असला तरी तेवढं डिझेल मिळतं. रेडिएटरची जाळी पालापाचोळ्याने भरलेली असली तरी इंजिन तापत नाही. चेंजओव्हरच्या टर्मिनलचा स्क्रू सैल असला तरी तिथून करंटच जात नसल्याने तो गरम होत नाही. व्होल्टमीटर २३० दाखवतो, कारण अल्टरनेटरकडे कुणी काही मागितलेलंच नसतं. हे सगळे दोष लोडखालीच उघडे पडतात. चाचणी केली नाही तर ते पहिल्या वादळाच्या रात्री उघडे पडतील.

डिझेल इंजिनाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ते वारंवार रिकामं किंवा अगदी कमी लोडवर चालवलं तर त्याचं नुकसान होतं. सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही आणि न जळलेलं डिझेल काजळीसह एक्झॉस्टमध्ये साचतं. सायलेन्सरच्या जोडावर काळा, चिकट ओघळ दिसला तर हे झालं आहे असं समजा. सर्व्हिसवाले याला वेट स्टॅकिंग म्हणतात. पुढे इंजेक्टर खराब होतात आणि ताकद कमी होते. म्हणून क्षमतेच्या साधारण ३० टक्क्यांखाली डिझेल जनरेटर फार वेळ चालवू नये, असा सर्वमान्य दंडक आहे. अमेरिकेत रुग्णालयांसारख्या ठिकाणच्या आपत्कालीन वीजव्यवस्थेसाठी एनएफपीए ११० हे मानक आहे. त्यातही डिझेल जनरेटर दर महिन्याला किमान अर्धा तास आणि क्षमतेच्या निदान ३० टक्के लोडवर चालवावा असं म्हटलं आहे. तेवढा लोड मिळत नसेल तर वर्षातून एकदा आधी अर्धा तास ५० टक्के आणि मग सलग एक तास ७५ टक्के लोडवर चाचणी सांगितली आहे. आपल्या घराला हे मानक बंधनकारक नाही, पण मोजमाप म्हणून ते उत्तम आहे.

आधी पाटी वाचा

अल्टरनेटरवर एक धातूची पाटी असते. तिच्यावरचे केव्हीए, पॉवर फॅक्टर, व्होल्ट, अँपिअर आणि आरपीएम हे पाच आकडे वहीत लिहून घ्या. समजा पाटीवर १० केव्हीए, पॉवर फॅक्टर ०.८, सिंगल फेज, २३० व्होल्ट असं आहे. दहाला ०.८ ने गुणलं की ८ किलोवॅट. एवढं काम इंजिन करू शकतं. दहा हजाराला २३० ने भागलं की साधारण ४३ अँपिअर. एवढा करंट अल्टरनेटरची वायंडिंग सोसते.

या दोन मर्यादा वेगळ्या आहेत आणि इथेच पुष्कळांची गल्लत होते. गीझर, इस्त्री अशा तापणाऱ्या वस्तूंचा पॉवर फॅक्टर एक असतो. असा लोड टाकला तर अँपिअर ३५ च्या आसपास पोचतात तेव्हाच ८ किलोवॅट भरतात. मीटरवर ४३ पर्यंत अजून जागा दिसते, पण इंजिनाची ताकद संपलेली असते. गीझरच्या भरवशावर चाचणी करताना किलोवॅट मोजा. मोटर-पंप जास्त असतील तर अँपिअरकडे लक्ष ठेवा.

मग घरातल्या वस्तूंची यादी करा. साठवणीचा गीझर बहुधा २ किलोवॅटचा असतो, इन्स्टंट गीझर ३ किलोवॅटचा. इस्त्री साधारण १ किलोवॅट घेते. एक एचपीचा पंप चालताना सुमारे १.१ किलोवॅट आणि ६-७ अँपिअर घेतो, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याला याच्या पाच-सहा पट करंट लागतो. दीड टनाचा एसी दीड ते पावणेदोन किलोवॅटचा धरा. फ्रिज, पंखे, दिवे, टीव्ही मिळून अर्धा किलोवॅट पुरतो. पाटीवरचे आकडे आणि ही यादी शेजारी ठेवली की कुठल्या टप्प्याला काय लावायचं ते आपोआप ठरतं.

चाचणीच्या आधी जिवाची काळजी

या चार गोष्टी नीट नसतील तर चाचणी पुढे ढकला आणि आधी त्या करून घ्या.

पहिली, चेंजओव्हर. महावितरणची वीज आणि जनरेटरची वीज एकाच वेळी घरात येऊच शकणार नाही, असा चेंजओव्हर स्विच किंवा इंटरलॉक असलेला ऑटोमॅटिक पॅनेल हवा. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर करून जनरेटर भिंतीतल्या सॉकेटला जोडण्याचा प्रकार काही घरांत अजून चालतो. तो आजच बंद करा. मेन स्विच बंद करायचं राहिलं तर तुमची २३० व्होल्टची वीज उलट्या वाटेने गावच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते आणि पलीकडच्या ११ केव्ही लाइनवर हजारो व्होल्ट होऊन उभी राहते. वादळानंतर भर पावसात खांबावर चढलेल्या जनमित्राचा, म्हणजे लाइनमनचा, जीव त्यात जाऊ शकतो.

दुसरी, धूर. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो झोपेत माणूस मारतो. जनरेटर बंद गॅरेजमध्ये, पडवीत, बाल्कनीत किंवा जिन्याखालच्या खोलीत कधीही चालवू नका. दारं-खिडक्यांपासून तो निदान २० फूट लांब हवा आणि धुराचं तोंड घराकडे नको. पावसापासून आडोसा म्हणून भोवती प्लास्टिक गुंडाळणंही तितकंच घातक आहे. वर पत्रा आणि चारही बाजूंनी मोकळी हवा अशी शेड करा.

तिसरी, छतावरचं सोलर. ग्रिडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर जनरेटरच्या विजेलाच ग्रिड समजून तिच्यात आपली वीज ढकलू शकतो. त्यामुळे व्होल्टेज वर जाऊन अल्टरनेटर आणि घरातली उपकरणं दोन्ही जळतात. सोलरची जोडणी चेंजओव्हरच्या मेनकडच्या बाजूला आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्या. चाचणीपुरता सोलरचा एसी स्विच बंदच ठेवा.

चौथी, अर्थिंग. जनरेटरच्या बॉडीला आणि न्यूट्रलला नियमाप्रमाणे अर्थ दिलेला असला पाहिजे. जनरेटर चालू असताना वायरमनला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्ट असेल तर ठीक. शंभरच्या आसपास दाखवलं तर न्यूट्रल अर्थला बांधलेलाच नाही. अशा वेळी कुणाला शॉक बसला तरी आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) ट्रिप होईल याची खात्री नाही. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण मात्र दाबल्यावर ट्रिप होईल, कारण ते अर्थिंग तपासतच नाही. म्हणून त्या बटणावर विसंबू नका.

पॅनेल उघडून करायची मोजमापं परवानाधारक वायरमननेच करायची आहेत. तुम्ही वही घेऊन शेजारी उभे राहा.

आदल्या दिवशी

इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी आणि कूलंट बघा. एअर फिल्टर काढून उजेडात धरा. कोकणात आणि शेतावरच्या घरांत त्यात कुंभारीण माशीची मातीची घरटी आणि मुंग्या सापडतात. डिझेल फिल्टरच्या तळाचा वॉटर सेपरेटर उघडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढा आणि पंधरा मिनिटं तसंच ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी आहे. दमट हवेत अर्धवट भरलेल्या टाकीच्या भिंतींना आतून दव धरतं आणि ते पाणी तळाशी जमतं. म्हणून टाकी नेहमी भरलेली ठेवावी. वर्ष उलटलेलं डिझेल चाचणीआधीच काढून टाका.

बॅटरी हा सगळ्यात जास्त दगा देणारा भाग आहे. रात्रभर चार्जर काढून ठेवल्यावर १२ व्होल्टच्या बॅटरीवर सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. सेल्फ मारताना ते क्षणभर खाली येतील, पण ९.६ च्या खाली जात असतील तर बॅटरी बदला. तीन ते पाच वर्षं हे तिचं साधारण आयुष्य, त्यामुळे खरेदीची तारीख बॅटरीवरच खडूने किंवा मार्करने लिहून ठेवा.

साधनं फार लागत नाहीत. क्लॅम्प मीटर, फ्रिक्वेन्सी दाखवणारा मल्टिमीटर, घड्याळ, वही आणि शक्य असेल तर लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन. टीव्ही, कॉम्प्युटर, राउटर यांचे प्लग काढून ठेवा. व्होल्टेज स्थिर आहे याची खात्री झाल्यावर ते शेवटी लावायचे आहेत.

चाचणी, पायरीपायरीने

पुढचं उदाहरण वरच्याच १० केव्हीए जनरेटरचं आहे. तुमच्या क्षमतेप्रमाणे लोड कमी-जास्त करा.

१. मेन खरोखर घालवा. ऑटोमॅटिक पॅनेल असेल तर त्यावरचं टेस्ट बटण दाबू नका. येणाऱ्या मेनचा एमसीबी बंद करा. लाइट गेल्याचं पॅनेलला कळतं का, ते इंजिनाला सेल्फ मारतं का आणि लोड जनरेटरवर घेतं का, ही सगळी साखळी अशानेच तपासली जाते. घड्याळ लावा. मोठ्या घरगुती सेटमध्ये हे बहुधा १०-१५ सेकंदांत होतं. तीनदा सेल्फ मारावा लागत असेल तर नोंद करा.

२. आता घरातली उपकरणं बंद करा आणि इंजिन पाच मिनिटं लोडशिवाय गरम होऊ द्या. गव्हर्नर (इंजिनाचा वेग राखणारा भाग) साधा मेकॅनिकल असलेल्या सेटवर या वेळी फ्रिक्वेन्सी ५२ हर्ट्झच्या जवळ असते, म्हणजे १५०० आरपीएमचं इंजिन थोडं वर, १५६० च्या आसपास फिरतं. हे मुद्दामच तसं ठेवलेलं असतं, म्हणजे पूर्ण लोड आल्यावर फ्रिक्वेन्सी बरोबर ५० वर येते. रिकाम्या इंजिनावर ५० बघून खूश होऊ नका. तसा सेट लोडवर ४८ पर्यंत घसरेल. इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर असेल तर मात्र सगळीकडे ५० च दिसायला हवेत.

३. आधी पंप, मग बाकीचं. पंप सुरू होताना दिवे क्षणभर मंदावतील, इंजिनाचा आवाज दबेल, काळ्या धुराचा एक झोत बाहेर पडेल आणि दोन सेकंदांत सगळं ठिकाणावर येईल. हे योग्य आहे. दिवे मंदच राहिले किंवा पंप नुसता घुरघुरत राहिला तर लगेच बंद करा. त्यानंतर फ्रिज, पंखे, दिवे लावा. इथे साधारण १० अँपिअर होतील. पाच मिनिटांनी व्होल्ट, अँपिअर आणि हर्ट्झ लिहा.

४. निम्मा लोड. एक २ किलोवॅटचा गीझर लावा. आता १८-१९ अँपिअर आणि पावणेचार किलोवॅटच्या आसपास, म्हणजे जवळपास निम्मी क्षमता. अर्धा तास असाच चालू द्या आणि दर दहा मिनिटांनी आकडे टिपा. एक पथ्य पाळा. १५ लिटरच्या गीझरचं पाणी १५-२० मिनिटांत तापतं आणि थर्मोस्टॅट तो बंद करतो. लोड गेला हे तुमच्या लक्षातही येत नाही. म्हणून गरम नळाची धार बारीक चालू ठेवा आणि त्याखाली बादली ठेवा. इन्स्टंट गीझर तर दोन-तीन मिनिटांतच कट होतो, त्याला पाणी वाहतंच लागतं.

५. पाऊण लोड. दुसरा गीझर किंवा तितकाच दुसरा लोड लावा. साधारण २७ अँपिअर, पावणेसहा किलोवॅट. एक तास चालवा. खरी परीक्षा हीच.

६. पंप पुन्हा सुरू करा. तास संपत आला की पंप बंद करून एक मिनिटाने परत चालू करा. संध्याकाळी घरात सगळं चालू असतानाच कुणीतरी टाकी भरायला पंप लावतं, म्हणून ही पायरी सोडू नका. दिवे जवळपास विझले किंवा एमसीबी पडला तर घरापुरता नियम ठरवा, पंप लावण्याआधी गीझर बंद.

७. थंड करून बंद करा. लोड एकेक करून काढा, इंजिन पाच मिनिटं रिकामं चालू द्या आणि मग बंद करा. ऑटोमॅटिक पॅनेल असेल तर मेनचा एमसीबी वर करा. लोड मेनवर परत गेल्यावर इंजिन थोडा वेळ चालून आपोआप बंद होतं का, ते बघा.

आकडे काय सांगतात

चांगल्या अवस्थेतल्या अशा सेटची वही साधारण अशी दिसते:

- लोडशिवाय: २३३ व्होल्ट, ५२ हर्ट्झ
- पहिला टप्पा: २३१ व्होल्ट, १० अँपिअर, ५१.५ हर्ट्झ
- निम्मा लोड: २३० व्होल्ट, १९ अँपिअर, ५१ हर्ट्झ
- पाऊण लोड: २२८ व्होल्ट, २७ अँपिअर, ५०.५ हर्ट्झ

आकडे उतरतात, पण सावकाश आणि ठरल्या प्रमाणात. तुमची वही वेगळी असेल तर कारण शोधायला यातूनच मदत होते. व्होल्ट पडतात आणि हर्ट्झ जागेवर राहतात, तर दोष अल्टरनेटरकडे आहे: एव्हीआर (व्होल्टेज स्थिर राखणारं सर्किट), कार्बन ब्रश किंवा कपॅसिटर. हर्ट्झ पडतात आणि त्यांच्यामागे व्होल्टही पडतात, तर इंजिनाला दम कमी पडतो आहे: डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, गव्हर्नर किंवा खरोखरच जास्त लोड. हर्ट्झ सतत खाली-वर डुलत असतील आणि इंजिनाचा सूर लाटेसारखा चढत-उतरत असेल, तर डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरली आहे किंवा गव्हर्नर बिघडला आहे. सर्व्हिसवाल्याला ‘नीट चालत नाही’ असं सांगण्याऐवजी ‘पाऊण लोडवर ४८ हर्ट्झ येतात, व्होल्ट २१०’ असं सांगा. त्याचे दोन तास आणि तुमचे पैसे वाचतात.

धुराकडेही बघा. सुरुवातीचा पांढरा धूर इंजिन तापल्यावर जायला हवा. काळा धूर टिकून राहिला तर हवा कमी किंवा लोड जास्त. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत सायलेन्सरमधून जादा धूर आणि काळे थेंब पडून नंतर धूर स्वच्छ झाला, तर साचलेली काजळी जळून गेली असं समजा. कमी लोडवर राहिलेल्या इंजिनाला या चाचणीने थेट फायदा होतो तो असा.

पाऊण लोडवर अर्धा तास झाला की केबलची लग, चेंजओव्हरची टर्मिनल आणि जनरेटरचा एमसीबी यांच्यावर इन्फ्रारेड गन रोखा. दोन सारख्या टर्मिनलपैकी एकच दुसऱ्यापेक्षा वीसेक अंशांनी गरम असेल तर तिथला जोड सैल आहे. गन नसेल तर नाकावर भरवसा ठेवा. जळक्या प्लास्टिकचा वास आला की चाचणी थांबवा. चालू टर्मिनलला हात लावून बघायचं नाही.

थ्री फेज जोडणी असेल तर दोन तपासण्या वाढतात. तिन्ही फेजचे अँपिअर साधारण सारखे हवेत. एकाच फेजवर सगळे गीझर आले तर बाकीचे दोन रिकामे असूनही सेट ओव्हरलोड होतो. १५ केव्हीएच्या थ्री फेज सेटला प्रत्येक फेजवर २१ अँपिअरच मिळतात. दुसरं, जनरेटरचा फेज क्रम मेनच्या क्रमाशी जुळला पाहिजे. नाहीतर थ्री फेज बोअरचा पंप उलटा फिरतो, मोटर चालल्याचा आवाज येतो आणि टाकीत पाणी मात्र जेमतेम पडतं.

घरात इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर तीही याच वेळी तपासा. अनेक इन्व्हर्टरना यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड असे दोन पर्याय असतात. यूपीएस मोडची व्होल्टेजची मर्यादा अरुंद असल्याने तो जनरेटरची वीज नाकारतो, बॅटरी उतरत राहते आणि जनरेटर चालू असून घर अंधारात जातं. असं झालं तर नॉर्मल मोड करून बघा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसारखं उपकरण घरात असेल तर जनरेटर लोड घेईपर्यंतच्या मधल्या वेळासाठी त्याला स्वतंत्र बॅटरीचा आधार हवाच.

लोड पुरत नसेल तर

पुढे-मागे एसी घेऊ म्हणून २५ केव्हीएचा सेट घेतलेली घरं आहेत. तिथे सगळं लावूनही तीस टक्के होत नाहीत. अशा वेळी १००० वॅटचे हॅलोजन लाकडी चौकटीवर बसवून वायरमन तात्पुरता लोड तयार करून देतात. जनरेटर भाड्याने देणाऱ्यांकडे लोड बँकही मिळू शकते. वर्षातून एकदा तेवढा खर्च करावा. पिंपात मिठाचं पाणी आणि पत्रे सोडून लोड करण्याची युक्ती कुणी सुचवली तर ठाम नकार द्या. उघड्या, विजेने भारलेल्या, उकळत्या पाण्याचं पिंप घरात मुलंबाळं असताना नको.

पेट्रोलचा छोटा जनरेटर

दोन-तीन केव्हीएच्या पेट्रोल सेटला काजळीपेक्षा शिळ्या पेट्रोलचा त्रास जास्त. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा धरतं, आणि महिनोनमहिने पडून राहिलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत चिकट होऊन बसतं. असा सेट रिकामा फिरतो, पण लोड टाकताच घुसमटून बंद पडतो. त्यालाही महिन्यातून एकदा निम्म्या लोडवर वीस मिनिटं चालवा. नंतर पेट्रोलचा कॉक बंद करा आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबू द्या. टाकी भरायची असेल तेव्हा इंजिन बंद करून आधी गार होऊ द्या. तापलेल्या सायलेन्सरवर सांडलेल्या पेट्रोलने आग लागते.

डिझेलचा हिशेब याच दिवशी

चाचणीआधी टाकी काठोकाठ भरा. चाचणी संपल्यावर मापाने मोजून ती पुन्हा तितकीच भरा. जेवढं लागलं त्याला इंजिन चाललेल्या एकूण तासांनी भागा. तो तुमचा खरा तासाचा खर्च. १० केव्हीएच्या सेटला पाऊण लोडवर तासाला साधारण दोन लिटर लागतात. रोज सहा तास चालवायचं ठरवलं तर दिवसाला बारा लिटर, आठवड्याला चौऱ्याऐंशी. वादळानंतर रस्ते बंद असतात आणि पेट्रोल पंपालाही वीज लागते, म्हणून हा आकडा आधी माहीत हवा. बहुतेक घरांना यावरून एकच शहाणपणाचा निष्कर्ष निघतो. दिवसभर चालवायचं नाही. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास पंप, फ्रिज, इन्व्हर्टरचं चार्जिंग आणि मोबाइल एकत्र उरकायचं. त्याने डिझेल वाचतं, आणि इंजिनालाही पुरेसा लोड मिळतो.

चाचणी कुणाच्या हातून करायची

कोकणातल्या कितीतरी घरांत जनरेटर घेणारा मुलगा मुंबईला असतो आणि तो चालवायची वेळ सत्तरीच्या आई-वडिलांवर येते. चाचणीच्या दिवशी मुलाने सगळं स्वतः केलं तर यंत्र तपासलं जातं, घर मात्र तयार होत नाही. म्हणून एक फेरी पूर्णपणे आईच्या किंवा बाबांच्या हातून होऊ द्या. किल्ली फिरवण्यापासून चेंजओव्हरचा दांडा ओढण्यापर्यंत त्यांनीच करायचं, तुम्ही हाताची घडी घालून बघायचं. दांडा त्यांना ओढवत नसेल तर ते आज कळलेलं बरं. चेंजओव्हरच्या शेजारी मोठ्या अक्षरांत पाच ओळींचा कागद लॅमिनेट करून लावा: आधी मेन बंद, इंजिन सुरू, पाच मिनिटं थांबा, दांडा जनरेटरकडे, आधी पंप. खाली वायरमनचा आणि सर्व्हिसवाल्याचा नंबर. शेजारच्या एका जाणत्या माणसालाही हे दाखवून ठेवा.

वर्षभराचं वेळापत्रक

दर महिन्याला अर्धा तास, निम्म्या लोडवर. वर्षातून एकदा वर सांगितलेली पूर्ण चाचणी. ती मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात करा, म्हणजे काही बिघाड निघाला तर सुटे भाग मागवायला आणि मिस्त्री मिळायला पाऊस सुरू होण्याआधी तीन-चार आठवडे हाताशी राहतात. सर्व्हिसिंग झालं की ‘करून दिलं’ या शब्दावर न थांबता सर्व्हिसवाला दारात असतानाच अर्धा तास लोडवर चालवून घ्या आणि मगच पैसे द्या. घरात नवा एसी, नवा पंप किंवा सोलर बसवलं तर चाचणी पुन्हा करा, कारण जुन्या वहीतले आकडे आता या घराचे राहिलेले नाहीत.

वहीत काही दोष निघाले तर दुरुस्तीचा क्रम असा ठेवा. आधी जिवाशी संबंधित कामं, म्हणजे चेंजओव्हर, अर्थिंग आणि धुराची दिशा. त्यानंतर बॅटरी आणि डिझेल, कारण इंजिन सुरूच न होण्याची कारणं बहुतेकदा तिथेच असतात. मग सैल जोड आणि फिल्टर. गव्हर्नर आणि एव्हीआरची कामं शेवटी, आणि ती जाणकाराकडूनच. दुरुस्ती झाल्यावर त्या टप्प्याचे आकडे नव्याने घ्या आणि जुन्या आकड्यांशेजारी तारखेसह लिहा. दोन-तीन वर्षांच्या नोंदी एकाखाली एक आल्या की कुठला भाग हळूहळू थकतो आहे हे तो बंद पडण्याआधी दिसू लागतं, आणि नवी बॅटरी किंवा नवा एव्हीआर कधी घ्यायचा हे पावसाच्या भरात ठरवायची वेळ येत नाही.